शेऱ्याचा रकाना

यंदाही हुरडा घरी आला. समोरच्या घरातले सर पैठण रस्त्यानं गावाकडून येत होते. त्यांनी वाटेत थांबून घेतला आणि निम्मा आमच्याकडे दिला. वर्तमानपत्राच्या पुड्यात होता, अजून कोमट. बायकोनं तो ताटलीत ओतला, शेजारी लसणाची चटणी आणि गुळाचा खडा ठेवला. कोवळ्या, दुधाळ, किंचित धुरकट दाण्यांचा वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत आला.

"दोन घास तरी घ्या."

"ॲसिडिटी होते."

"ही कसली बाई ॲसिडिटी! वर्षभर ठेचा चालतो, आणि पौषात बरोबर उठते."

मी हसून वेळ मारून नेली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तेवढ्या वेळा मारून नेली. मला ॲसिडिटी नाही. हुरडा मला फार आवडायचा. तो का खात नाही, हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आई गेली, तिलाही नाही. तिला तर मुळीच नाही.

चोपन्न हिवाळे पाहिले, पण हिवाळा म्हटलं की मला एकच आठवतो. त्या वर्षी शाळू माणसाच्या डोक्यावरून गेला होता. सकाळी रानात शिरलं की पानांवरच्या दवानं सदरा भिजायचा आणि पानांच्या कडांनी हातांवर बारीक रेघा उठायच्या. माळ्यावरून गोफणीचा आवाज यायचा, त्यामागून पाखरांना घातलेली शिवी यायची. ओढ्याच्या वरच्या अंगाला आमची मोसंबीची बाग. तिला नुकती फुलं लागली होती. दुपारच्या उन्हात त्या फुलांचा वास एवढा दाट व्हायचा की माणसाला गुंगी यावी. आणि या सगळ्यावर एक ओला, तेलकट, उबदार वास असायचा. मेंढरांचा.

आमचं गाव चितेगावच्या पुढं, पैठण रस्ता सोडून आत. दर माघात भिवामामा त्याची मेंढरं घेऊन आमच्या शिवारात उतरायचा. तो धनगर, आम्ही शेतकरी. पण तो आईच्या माहेरच्या गावचा, म्हणून आईचा भाऊ आणि आमचा मामा. बाजरी निघालेल्या मोकळ्या रानात त्याची मेंढरं चार-पाच मुक्काम बसायची, रानाला खत व्हायचं. आई सुपात ज्वारी घेऊन बांधावर उभी राहायची. मामा तिच्या पाया पडायचा, ती त्याच्या. मग दोघंही हसायचे.

"काय भाचे," तो मला म्हणायचा, "शिकून सायब व्हायलास म्हनं. मेंढराची भाषा येती का अजून?"

कातरणीच्या आधी मेंढरं धुवायची असतात. ओढ्याला खाली डोह होता. मामा आणि त्याचा भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे. एकेक मेंढी काठावरून त्यांच्या हातात यायची, ती लोकर चोळून पलीकडे सोडायची. भिजलेलं मेंढरू अर्ध्या अंगाचं दिसतं, लाजल्यासारखं. पलीकडच्या काठावर करंजाखाली ती सगळी अंग झाडत, ओरडत उभी राहायची आणि वाळता वाळता पुन्हा गुबगुबीत व्हायची. ठकूमामी चूल मांडून बसलेली असायची. तिचा एक डोळा भाकरीवर आणि एक कोकरांवर.

डोहाच्या वर, थोड्या अंतरावर, झिरा होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो. झिरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत हातानं उकरलेला खड्डा, फार तर हातभर. उकरून जरा थांबायचं. मग तळाशी पाणी पाझरतं, आधी गढूळ, नंतर काचेसारखं. वाटीनं भरून घ्यायचं. उन्हाळा चढला की पाणी खाली जातं, मग कोपरापर्यंत उकरावं लागतं. पण ते येतं. झिऱ्याचे नियम मामानं मला लहानपणीच शिकवले होते. चपला लांब काढायच्या. वर कुणी काही धुवायचं नाही. आधी माणूस प्यायचं, मग कोकरं, मग मोठी मेंढरं. आणि निघताना वाळूचा बांध नीट करून जायचं, मागून येणाऱ्यासाठी. तो झिरा कुणाचा नव्हता. म्हणूनच तो सगळ्यांचा होता, असं मला तेव्हा वाटायचं. कागदावर मात्र जे कुणाचं नसतं ते नसतंच.

त्या हिवाळ्यात पाइपलाइनची बोलणी सुरू झाली. रस्त्याकडच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळीतून आमच्या शिवारातून पलीकडच्या मोठ्या टाक्यांकडे न्यायचं होतं. बदल्यात गावाला पिण्याच्या पाण्याची वेगळी लाइन, घरटी नळ, पक्का रस्ता आणि पोरांना कारखान्यात काम. मी एकोणतीस वर्षांचा होतो, शहरात एका सर्व्हेच्या कार्यालयात नोकरीला. नळीच्या वाटेवरच्या पाणवठ्यांची यादी करायचं काम आमच्या कार्यालयाकडे आलं. साहेब म्हणाले, "तुझंच गाव आहे, तूच जा. तुला कोण अडवणार?"

गावात पारावर रोज तोलणं चालायचं. आज लोक समजतात की गावाला कळत नाही. सगळं कळत होतं. नळी फुटली तर विहिरी जातील, हे म्हाताऱ्या नामदेवतात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"ते पानी गोड असतं तर त्यांनी आपल्याच आवारात नसतं ठुलं?" तात्या म्हणाले.

"तात्या, तुमच्या घरात पानी कोन भरतं?" माझी चुलती ओट्यावरून म्हणाली. ती एरवी पारावरच्या बोलण्यात पडत नसे. "तुमी एक दिस हंडा उचला. मंग सांगा, नळी नगं म्हून."

चुलतीची मान हंड्यानं कायमची एका बाजूला कलली होती. आईच्या भेगाळलेल्या टाचांतून उन्हाळ्यात रक्त यायचं. त्यामुळे नळी हवी असं मला मनापासून वाटत होतं, हे मी आजही नाकारणार नाही. ते खोटं नव्हतं. खोटं दुसरीकडे होतं.

नळीचा नियम असा होता: ओढ्यात पिण्याचा पाणवठा असेल तर नळी तिथून न्यायची नाही, वरच्या अंगानं वळवायची. आणि वरच्या अंगाला आमची मोसंबी होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकेक खड्डा स्वतः खणून लावलेली.

मी फॉर्म घेऊन ओढ्यावर गेलो तेव्हा मामा तिथंच होता. त्यानं मला बघताच गोवऱ्यांची आगटी पेटवली, बांधावरून आमच्याच शाळूची कणसं मोडून आणली आणि निखाऱ्यावर टाकली. गरम कणीस घोंगडीच्या कोपऱ्यावर चोळून त्यानं हुरडा माझ्या ओंजळीत दिला. "खा भाचे, तुमचाच हाय. आमचा निस्ता जाळ."

मी पोटभर खाल्ला. मग तहान लागली. मामानं झिरा थोडा उकरला, नितळ होईस्तोवर थांबला, पितळी वाटी भरली आणि दिली. त्या पाण्याला वाळूची गार चव होती. मी दोन वाट्या प्यायलो. हात पुसले. फॉर्म गुडघ्यावर घेतला. विहीर, बोअर, हातपंप, तलाव असे रकाने होते. पुढं मालकाचं नाव आणि गट नंबर. झिऱ्याला रकाना नव्हता. पण शेवटी एक शेऱ्याचा रकाना होता. तिथं काहीही लिहिता आलं असतं.

"काय लिवायलास?" मामानं विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं.

"ओढ्याची माहिती."

"लिव, लिव. चांगली लिव."

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: निरंक. काही नाही, या अर्थाचा तो सरकारी शब्द. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी ते फारच चांगलं आलं. जिभेवर त्या पाण्याची चव अजून होती.

घरी आईनं विचारलं, "भिवाचं पाणी लिहिलंस ना रे?"

"लिहिलं."

दादा जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांनी वर बघितलं असतं तर कदाचित मी दुसऱ्या दिवशी जाऊन तो शब्द खोडला असता. कदाचित नसताही. बापावर ढकलायची सवय मला पुढं लागली, ती इथूनच.

जनसुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. मंडप, खुर्च्या, चहा. दोन अधिकारी, आमचे साहेब आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी यादी घेऊन मी. फायदे वाचून झाले, धोके वाचून झाले. तात्या बोलले, चुलती बोलली, टाळ्या दोघांनाही पडल्या. शेवटी मंडपाच्या बाहेरून आवाज आला. घोंगडी खांद्यावर टाकून, काठीवर रेलून भिवामामा उभा होता. आत बोलवूनही तो आत आला नाही.

"सायब, वड्यात जे पानी मेंढरं पितेत, मानसं पितेत, त्याचं काय?"

अधिकाऱ्यानं यादी चाळली. "ओढ्यात पाणवठा नाही अशी नोंद आहे."

"कोन म्हनतं?" मामा हसला. त्याला खरंच गंमत वाटली होती. "आमच्या भाच्याला इचारा. तिथंच बसलाय. त्या झिऱ्याचं पानी पिऊनच वाढलाय त्यो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चुलतीनं पाहिलं, तिची मान कललेली. दादांनी पाहिलं. मी उठून उभा राहिलो आणि हळू आवाजात म्हणालो, "उन्हाळ्यात आटतो तो."

एवढंच. तीन शब्द. मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो की ते पूर्ण खोटं नव्हतं. पाणी खाली जायचंच. फक्त "उकरलं की येतं" हे पुढचं मी बोललो नाही.

मामाचं हसणं लगेच गेलं नाही. ते तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं, विझायला विसरल्यासारखं. मग तो म्हणाला, "भाचा म्हनतोय आटतो, तर मंग आटत असंल." काठी उचलून तो ओढ्याच्या दिशेनं चालू लागला. त्याच्याकडे आणखी चार माणसं होती, ठकूमामी होती. त्यांना बोलावून तो मला तिथंच खोटं पाडू शकला असता. त्यानं ते केलं नाही.

नळी झाली. आणि खरं सांगायचं तर सांगितलेले फायदेही झाले. आमच्या दारात नळ आला. पहिल्या दिवशी आई त्याच्यासमोर नुसती बसून राहिली, सोडायची आणि बंद करायची. चुलतभावाला कारखान्यात काम मिळालं. रस्ता झाला. आमची मोसंबी तशीच राहिली, बहरात यायची. दरवर्षी पहिली टोपली शहरात माझ्याकडे यायची. ती खाताना मला कधीच ॲसिडिटी झाली नाही.

दोन वर्षं मामा आला. तिसऱ्या माघात ओढ्याजवळचा नळीचा सांधा पाझरू लागला होता. कुणाला पत्ता नव्हता. मी रजेवर गावी होतो. मेंढरं झिऱ्याजवळ आली, पुढची मेंढी वाकली, तिनं हुंगलं आणि मान फिरवली. मागची वाकली, तिनंही फिरवली. मामानं पुन्हा उकरलं, वाट बघितली, पुन्हा उकरलं. पाणी आलं, पण कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्यानं ओंजळ नाकाशी नेली आणि सोडून दिली. सगळा कळप झिऱ्याभोवती तहानेला उभा होता, आणि एकही मेंढरू पाण्याला तोंड लावत नव्हतं. मी बांधावर उभा होतो. मामानं एकदा वर पाहिलं. त्या दिवशी त्यानं मेंढरं धुतली नाहीत, रानात बसवली नाहीत. दुपारीच हलला. आई सूप भरून बसली होती.

तो पुन्हा आला नाही. सांधा दुरुस्त झाला, गावाच्या विहिरी वाचल्या. आई पुढं कितीतरी माघ सूप भरून ठेवायची, मग महिना सरला की ज्वारी परत कणगीत ओतायची. "यंदा दुसऱ्या वाटेनं गेला असंल," म्हणायची. मला माहीत होतं तो का येत नाही. मी तिच्याशेजारी बसून "असंल" म्हणायचो.

आता मी शहरातल्या पुंडलिकनगरात राहतो. इथं नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा असतो. "आलं, आलं!" अशी हाक गल्लीभर जाते, मोटारी सुरू होतात, माणसं कामावर उशिरा जातात. ते पाणी पैठणहून, जायकवाडीतून नळीनंच येतं, कुणाच्या तरी शिवारातून, कुणाच्या तरी ओढ्याखालून. मी ड्रम भरत उभा असतो तेव्हा नळीविरुद्ध बोलायचा मला अधिकार नाही, हे मला कळतं. नळ्या लागतात. नळी वाईट नव्हती. यादी वाईट होती, आणि ती माझ्या हाताची होती.

गेल्या महिन्यात गावच्या तरुण सरपंचाचा फोन आला. "दत्तूकाका, जुनी लाइन बदलून मोठी टाकायलेत, त्याच वाटंनं. परत सुनावणी हाय. जुनी यादी जोडलीय, तुमच्याच अक्षरातली. एकदा नजर टाका, बरोबर हाय म्हून सही द्या." मोबाइलवर फोटो आला. मी तो बोटांनी मोठा केला. निरंक. वेलांटी इतकी सुबक होती की मला स्वतःची शिसारी आली.

मी गावी गेलो. बाग आता धाकट्या भावाकडे आहे. त्याच्याकडे न जाता आधी ओढ्यावर गेलो. करंज आहे. डोह गाळानं भरला आहे. अंदाजानं जागा धरली, चपला लांब काढल्या आणि हातानं वाळू उकरू लागलो. कोपरभर गेलो तरी कोरडीच. मनात आलं, आटला असला तर बरं, मग माझं वाक्य खरं ठरेल. ही माझ्या मनाची जात. आणखी वीतभर उकरलं आणि बोटं गार पडली. आधी गढूळ, मग हळूहळू नितळ. वास नव्हता. ओंजळ भरली, पण ओठांपर्यंत गेली नाही. पाणी चांगलं होतं. या खेपेला मान मीच फिरवली.

भावाला सांगितलं की या वेळी यादीत झिरा लिहिणार आहे. तो म्हणाला, "तू ते लिहिलंस तर लाइन बागेतून जाईल. पोरांचं शिक्षण त्याच्यावर आहे. तू शहरात राहतोस, तुला काय?" तो चुकीचं बोलत नव्हता. पंचवीस वर्षं मोसंबी मीही खाल्ली होती.

तिथून एसटीनं पैठण, आणि पैठणच्या पलीकडं आईच्या माहेरी गेलो. भिवामामा अंगणात बाजेवर बसला होता. मेंढरं विकली. मुलगा चितेगावला कंपनीत जातो. ठकूमामी नाही. मामाला दिसतं कमी, ऐकू त्याहून कमी.

"कोन?"

"दत्ता. भाचा."

त्यानं मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाला, "मोसंबी हाय का रं अजून?"

त्याला तेव्हापासून सगळं माहीत होतं. मी त्याच्या पायाशी बसलो आणि काय केलं ते सगळं सांगितलं. निरंक म्हणजे काय तेही सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं.

"तू निम्मं बोलला," तो म्हणाला. "ऱ्हायलेलं निम्मं मला बोलाया येत व्हतं. पर चारचौघांत भाच्याला कसं पाडावं? बहिनीला काय तोंड दाखवू? म्हून गप बसलो. ठकू म्हनायची, तुमी भाचा राखला आन् मेंढरं उपाशी तहानेली हाकली. मरेस्तोवर म्हनायची."

माझी लाज माझी एकट्याची आहे असं मी समजत होतो. तिचा अर्धा भार हा माणूस, त्याचा काही दोष नसताना, आपल्या घरात वाहत होता.

त्याच्या सुनेनं ताटलीत हुरडा आणून ठेवला. "घ्या ना काका." मी नाही म्हणू शकलो नाही. एक घास तोंडात घेतला. तो तोंडातच राहिला.

मी पिशवीतून यादीची प्रत काढली. शेऱ्याच्या रकान्यात निरंक खोडून लिहिलं. मामा म्हणाला, "काय लिवलं, वाच."

"करंजाच्या वरच्या अंगाला, ओढ्यात झिरा आहे. मालक कुणी नाही. माणसं आणि मेंढरं तिथं पाणी पीत. आधीच्या यादीत मी तो लपवला होता."

"आटत नाय, हे बी लिव."

लिहिलं.

"आता वाच."

"आटत नाही," मी म्हणालो.

मामानं कानाशी हात धरला. "ऐकू नाय आलं. त्या दिशी बी असाच बोलला व्हतास, तोंडातल्या तोंडात. मोठ्यानं बोल."

समोरच्या ओसरीवर निवडत बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. सून दारात थांबली. परवा शाळेच्या पटांगणात हेच वाचायचं आहे, समोर भाऊ बसलेला असेल. मी उभा राहिलो, कागद दोन्ही हातांत धरला आणि ओरडून वाचलं.

मामानं मान हलवली. "अजून," तो म्हणाला.